वैयक्तिक प्रगतीसाठी कोच कसा निवडावा: पहिल्या विचारापासून शेवटच्या सत्रापर्यंत

डॉक्टर किंवा वकील म्हणून काम करायचं तर परवाना लागतो. कोच म्हणून काम करायला जगातल्या बहुतेक देशांत असा कोणताही परवाना लागत नाही. कुणी आज ठरवलं आणि उद्यापासून स्वतःला 'लाइफ कोच' म्हणवायला सुरुवात केली, तर कायदा त्याला अडवत नाही. या क्षेत्रात वर्षानुवर्षं शिकत, शिस्तीनं आणि मनापासून काम करणारे लोक आहेत. चार दिवसांच्या शिबिरातून बाहेर पडून दुसऱ्यांचं आयुष्य घडवायला निघालेलेही आहेत. वेबसाइटवर मात्र दोघं सारखेच दिसतात, त्यामुळे पारख करण्याचं काम तुमच्यावरच येऊन पडतं.

ते काम जमण्यासारखं आहे. कोच आणि त्याच्याकडे येणारी व्यक्ती यांच्यातलं कामाचं नातं जितकं पक्कं, तितका कोचिंगचा फायदा जास्त, असं संशोधनात पुन्हा पुन्हा दिसतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या एका विश्लेषणातही हा संबंध स्पष्ट दिसला. आणि हे नातं जुळेल का, याचा बराचसा अंदाज मोठी रक्कम भरण्याआधीच घेता येतो. नाव, फॉलोअर्स, व्यासपीठावरचा आवेश यांच्या मागे न जाता तो अंदाज नेमका कसा घ्यायचा, ते इथं पायरीपायरीनं मांडतो आहे.

पायरी १: तुम्हाला कोचच हवा आहे का?

इथं घाई केली की पुढचं सगळं चुकत जातं, म्हणून या पायरीला वेळ द्या.

समोरची व्यक्ती मुळात सक्षम आहे, असं कोचिंगमध्ये गृहीत धरलेलं असतं. तिला स्वतःचा विचार स्पष्ट करायला, पर्याय धुंडाळायला आणि ठरवलेलं पार पाडायला सोबत हवी असते. चांगला कोच उत्तर हातात देत नाही, ते शोधायला भाग पाडतो. तुमची गरज वेगळीच असेल तर उत्तम कोचकडूनही निराशाच पदरी येईल.

एखाद्या क्षेत्रातल्या खाचाखोचा त्या वाटेनं आधी गेलेल्या माणसाकडून समजून घ्यायच्या असतील, तर मेंटॉर शोधा. ठरावीक विषयात तज्ज्ञाचं मत हवं असेल, उदाहरणार्थ कराचं नियोजन किंवा व्यवसायाचा आराखडा, तर सल्लागार गाठा. भाषण देणं, वाटाघाटी करणं अशी कौशल्यं शिकायची असतील, तर चांगला प्रशिक्षण वर्ग स्वस्तही पडतो आणि लवकरही होतो.

मन दुखावलेलं, थकलेलं किंवा सतत घाबरलेलं असेल, तर मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. ही सीमारेषा सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच बऱ्याचदा पुसट होते. 'मला पुढे जायचंय, पण काही करावंसंच वाटत नाही' हे वाक्य ध्येयाच्या गोंधळातून येऊ शकतं, तसंच नैराश्यातूनही येऊ शकतं. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठात कोचिंगच्या मानसशास्त्राचा अभ्यास उभा करणारे अँथनी ग्रँट आणि त्यांचे सहकारी यांनी लाइफ कोचिंगसाठी आलेल्यांची मानसिक आरोग्याची तपासणी केली. त्यांच्या वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण पाव ते निम्म्या लोकांच्या त्रासाची पातळी तज्ज्ञांनी दखल घ्यावी इतकी निघाली. कोचचं दार ठोठावणाऱ्या कित्येकांना आधी वेगळी मदत लागू शकते, हे यावरून लक्षात यावं.

म्हणून स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटतंय का? एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेलाय का? झोप, भूक बिघडली आहे का? जुन्या एखाद्या धक्क्याच्या आठवणी अचानक उसळून येतात का? दारू किंवा दुसरं व्यसन हाताबाहेर चाललंय का? यातल्या कशालाही 'हो' असेल, तर आधी मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञाला भेटा. स्वतःला इजा करण्याचे किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टर किंवा तातडीची मदतसेवा गाठा. तिथं कोचिंगचा प्रश्नच येत नाही.

उपचार सुरू असताना कोचिंग घेता येत नाही असं नाही. दोन्ही बरोबरीनं चालू शकतं. फक्त उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला आणि कोचला एकमेकांबद्दल माहीत असावं.

पायरी २: तुमचा प्रश्न कागदावर उतरवा

'मला आत्मविश्वास वाढवायचाय', 'मला स्वतःची बेस्ट व्हर्जन व्हायचंय' अशा वाक्यांवरून कोच निवडता येत नाही. ती वाक्यं इतकी मोघम असतात की प्रत्येक कोच 'हेच माझं काम' म्हणू शकतो.

एक पान घ्या आणि त्यावर चार गोष्टी लिहा. सध्या नेमकं काय घडतंय? आजवर काय काय करून पाहिलं आणि ते कुठं अडलं? तीन-चार महिन्यांनी माझ्या वागण्यात असं काय दिसेल, की माझ्याबरोबर राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या माणसाला फरक जाणवेल? आणि त्यासाठी मी काय सोडायला तयार आहे? वेळ, सवय, एखादी जबाबदारी, कुणाची तरी मर्जी?

समजा, एखादीला नुकतीच टीमची प्रमुख म्हणून बढती मिळाली आहे. तिचं पहिलं वाक्य असतं, 'मला नेतृत्वगुण वाढवायचेत.' चार प्रश्नांची उत्तरं लिहून झाल्यावर तेच वाक्य असं होतं: 'टीममधल्या माझ्याहून ज्येष्ठ लोकांचं काम चुकलं तर मी त्यांना सांगू शकत नाही. रात्री बसून ते स्वतःच दुरुस्त करते. तीन महिन्यांनी मला हे त्याच आठवड्यात, शांतपणे, तोंडावर सांगता आलं पाहिजे.' आता तिला कोणता कोच हवा हेही उमगू लागतं. व्यासपीठावरून प्रेरणा देणारा तिच्या कामाचा नाही. कामाच्या ठिकाणचे अवघड संवाद ज्यानं जवळून हाताळले आहेत, असा माणूस तिला हवा.

चौथ्या प्रश्नापाशी बहुतेकजण अडखळतात. उत्तर आलं नाही तरी चालेल, पण कागदावर ती जागा मोकळी ठेवा. पहिल्या भेटीत कोच तुमच्याशी त्या मोकळ्या जागेबद्दल बोलतो का, हे पाहण्यासारखं असतं. शिवाय कोचिंग सुरू झाल्यावर मूळ प्रश्न बदलणं अगदी स्वाभाविक आहे. तरीही सुरुवातीला काहीतरी ठोस हातात असावं, नाहीतर समोरच्याचं तयार पॅकेज हाच तुमचा प्रश्न होऊन बसतो.

पायरी ३: नावं गोळा करा

यात फार वेळ घालवू नका. तीन नावं पुरेत. पाच-सहांना भेटत बसलात तर तुलनेतच थकून जाल.

ओळखीतल्या कुणी नाव सुचवलं तर 'कसा आहे?' असं विचारू नका, उत्तर 'मस्त आहे' असंच येईल. त्याऐवजी 'त्यांच्याबरोबर काम केल्यावर तुझ्यात नेमकं काय बदललं आणि ते अजून टिकून आहे का?' असं विचारा. कोचना मान्यता देणाऱ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या साइटवर त्यांच्या मान्यताप्राप्त कोचची यादी असते, तिथं भाषा आणि कामाचा विषय यानुसार शोध घेता येतो. नोकरी करत असाल तर मनुष्यबळ विभागाला विचारून पाहा. काही कंपन्या कोचिंगचा खर्च उचलतात, अर्थात त्याबरोबर गोपनीयतेचा एक वेगळा प्रश्न येतो. तो पुढे घेतलाच आहे.

कोचिंग कोणत्या भाषेत होणार, याचाही विचार करा. माणूस राग, लाज, भीती ज्या भाषेत मनातल्या मनात बोलतो, त्या भाषेत बोलता आलं तर काम खोलवर जातं. ऑफिसच्या विषयांवर इंग्रजीत सहज बोलणाऱ्यांनाही घरच्या विषयावर येताच शब्द सापडेनासे होतात.

पायरी ४: प्रमाणपत्रं नीट वाचा

नावापुढची अक्षरं पाहून दबून जाऊ नका आणि ती अगदीच निरुपयोगी आहेत असंही मानू नका. काही अक्षरांमागे खरे कष्ट असतात, ती ओळखता यायला हवीत.

या क्षेत्रातली सर्वांत मोठी संस्था इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, म्हणजे आयसीएफ. ती १९९५ साली स्थापन झाली. तिच्या मान्यतेच्या तीन पातळ्या आहेत. सुरुवातीच्या एसीसी (असोसिएट सर्टिफाइड कोच) पातळीसाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. मधल्या पीसीसी (प्रोफेशनल सर्टिफाइड कोच) पातळीसाठी १२५ तासांचं प्रशिक्षण आणि ५०० तासांचा अनुभव लागतो. एमसीसी (मास्टर सर्टिफाइड कोच) ही सर्वांत वरची पातळी असून तिच्यासाठी २०० तासांचं प्रशिक्षण आणि २५०० तासांचा अनुभव लागतो. शिवाय अनुभवी कोचच्या देखरेखीखाली स्वतःचं काम तपासून घ्यावं लागतं, परीक्षा द्यावी लागते आणि दर तीन वर्षांनी मान्यतेचं नूतनीकरण करावं लागतं. युरोपियन मेंटॉरिंग अँड कोचिंग कौन्सिल आणि असोसिएशन फॉर कोचिंग या संस्थांचीही स्वतंत्र मान्यता आहे.

इथं तीन गोष्टींची गल्लत होते. एखाद्या संस्थेचा कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र म्हणजे त्या संस्थेनं कोच म्हणून मान्यता दिली असं नाही. संस्थेचं सदस्यत्व म्हणजेही मान्यता नाही, कारण काही संस्थांत शिकत असतानाही सदस्य होता येतं. आणि 'आयसीएफमान्य कोर्स केला' असं म्हणणाऱ्यानं पुढची तासांची आणि परीक्षेची अट पूर्ण केलीच असेल असंही नाही. म्हणून नाव घेऊन संस्थेच्या यादीत तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

'तुमचं काम कुणाकडून तपासून घेता का?' हा प्रश्न मात्र जरूर विचारा. अनुभवी कोचही आपल्या कामाबद्दल एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याशी नियमित बोलतो, आपलं कुठं चुकतंय ते पाहतो. या प्रक्रियेला सुपरव्हिजन म्हणतात. माझ्या मते नावापुढच्या अक्षरांपेक्षा या प्रश्नाचं उत्तर जास्त बोलकं असतं. 'आता मला त्याची गरज नाही' असं कुणी म्हणालं, तर मी तिथून पुढे जाणार नाही.

मान्यता असलेला प्रत्येकजण तुम्हाला योग्य ठरेल असं नाही. त्या व्यक्तीनं किमान मेहनत घेतली आहे, ती एका आचारसंहितेनं बांधलेली आहे आणि वेळ आली तर तक्रार करायला एक जागा आहे, इतकंच मान्यतेवरून कळतं. तेवढंही थोडं नाही.

पायरी ५: पहिली भेट

बहुतेक कोच सुरुवातीला वीस मिनिटं ते तासभर विनामूल्य भेटतात. सगळ्या निवडीचा कस इथं लागतो, म्हणून ही भेट 'माहिती घेण्यासाठीचा कॉल' म्हणून उरकू नका.

एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञानं १९७९ साली उपचाराच्या नात्याचे तीन भाग मांडले: कुठं जायचं यावर एकमत, कसं जायचं यावर एकमत आणि परस्परांमधला विश्वास. कोचिंगचे अभ्यासकही आज याच तीन भागांवरून नातं मोजतात. पहिल्या भेटीत हेच तीन भाग डोळ्यांसमोर ठेवा.

भेटीला जाताना पायरी दोनमधला कागद घेऊन जा आणि त्यातला एक छोटा, पण खरा भाग मांडा. खोटं उदाहरण दिलंत तर कोच खरा कसा आहे ते कळणार नाही. फार खोलची, जखमेची गोष्टही पहिल्याच भेटीत काढू नका. मध्यम वजनाचं काहीतरी निवडा, जसं की सारखं पुढे ढकललेलं एखादं संभाषण. मग शांतपणे पाहत राहा.

कोण जास्त बोलतंय? पहिल्या भेटीत कोचला स्वतःच्या पद्धतीबद्दल थोडं सांगावं लागतं, ते ठीक आहे. पण अर्ध्याहून जास्त वेळ त्याच्या यशोगाथा ऐकण्यात गेला, तर पुढची सत्रंही तशीच जातील.

तुमचं बोलणं त्याला कळलं का? चांगला कोच तुमचेच शब्द उचलतो. तुम्ही 'अडकल्यासारखं वाटतं' म्हणालात, तर 'अडकल्यासारखं म्हणजे कसं?' असं विचारतो. 'म्हणजे तुम्हाला टाइम मॅनेजमेंटचा प्रॉब्लेम आहे' असं घाईनं लेबल लावत नाही.

सल्ला किती लवकर आला? दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला 'तुम्ही असं करा' सुरू झालं, तर तो सल्लागार आहे, कदाचित चांगलाही असेल, पण कोच नव्हे.

तुम्ही थांबलात तेव्हा काय झालं? विचार करताना माणूस गप्प होतो. ती शांतता ज्याला सोसते, तो तुम्हाला विचार करायला जागा देईल. ती लगेच भरून काढणारा तुमच्या जागी स्वतःच विचार करत राहील.

एकदा तरी तुम्हाला अडवलं का? 'तुम्ही म्हणता वेळ नाही, पण मघाशी म्हणालात की ते काम तुम्हाला आवडतच नाही. यातलं खरं कोणतं?' असा एखादा प्रश्न आला, तर तो माणूस लक्ष देऊन ऐकतोय. निव्वळ होला हो मिळवणारी भेट गोड वाटते, पण सहा महिन्यांनी तुम्ही तिथंच असता.

मग तुमची पाळी. हे प्रश्न मोकळेपणानं विचारा, यात संकोचण्यासारखं काही नाही:

- माझ्यासारखा प्रश्न घेऊन आलेल्या लोकांबरोबर तुम्ही साधारण कसं काम करता? एक सत्र कसं असतं?
- काम होतंय की नाही, हे आपण कधी आणि कशावरून तपासणार?
- कोणत्या लोकांना तुम्ही नाही म्हणता? कुणाला दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवलंय का?
- एखाद्या वेळी तुमच्याकडून काम जमलं नाही, तेव्हा काय झालं होतं?
- मध्येच थांबावंसं वाटलं तर काय?

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांची उत्तरं नीट ऐका. ज्यानं कधीच कुणाला नाही म्हटलेलं नाही, त्याला आपल्या कामाची मर्यादा कळलेली नाही. अपयशाबद्दल विचारल्यावर जो कोच सगळा दोष 'लोक मेहनत घेत नाहीत' यावर ढकलतो, तो उद्या तुमच्याबद्दलही तेच म्हणेल. याउलट, कुणाचंही नाव किंवा ओळख न उघडता, आपण काय वेगळं करायला हवं होतं हे सांगणारा कोच दोन गोष्टी एकदम दाखवून देतो. तो शिकतो आणि लोकांची गुपितं सांभाळतो. बोलता बोलता त्यानं एखाद्या नामवंत ग्राहकाचा खासगी किस्सा सांगितला, तर तुमचाही किस्सा उद्या कुठंतरी सांगितला जाईल हे धरून चाला.

भेट संपल्यावर त्याच दिवशी चार ओळी लिहून ठेवा. माझ्या प्रश्नाबद्दल मला काही नवं दिसलं का? मी मोकळेपणानं बोललो का, की चांगलं दिसण्याचा प्रयत्न करत होतो? एखादी गोष्ट टोचली का, आणि ती खरी होती म्हणून टोचली की अपमानास्पद होती म्हणून? तिघांना भेटून झाल्यावर या नोंदी शेजारी शेजारी ठेवा. 'छान वाटलं' एवढ्यावर निवड करू नका. ज्या भेटीनंतर तुम्ही स्वतःच्या प्रश्नाबद्दल संध्याकाळभर विचार करत राहिलात, ती भेट मोलाची समजा.

पायरी ६: इथं पाऊल मागे घ्या

हे लिहिताना मी मुद्दाम कडक भाषा वापरतो आहे, कारण माणूस कोचकडे जातो तेव्हा तो बहुधा आयुष्यातल्या नाजूक वळणावर असतो आणि अशा वेळी गोड शब्दांना लवकर भुलतो.

'नव्वद दिवसांत आयुष्य बदलून दाखवतो' असली हमी कुणी देत असेल, तर निघा. बदल तुम्ही करणार आहात, त्याची हमी तिसरा माणूस देऊ शकत नाही. 'ही किंमत फक्त आजच्यापुरती' म्हणून लगेच पैसे भरायला लावणारा तुमच्या विचारशक्तीचा आदर करत नाही, आणि कोचिंगचा तर पायाच तो आहे. कर्ज काढून फी भरा, 'स्वतःवर गुंतवणूक करायला घाबरू नका' असं सुचवणाऱ्यापासून फार लांब राहा.

डॉक्टरनं दिलेलं औषध बंद करा किंवा 'हे सगळं मनाचे खेळ आहेत, थेरपीची गरज नाही' असं म्हणणारा कोच धोकादायक आहे. घरच्यांपासून, जुन्या मित्रांपासून 'नकारात्मक लोक' म्हणून तुम्हाला तोडू पाहणाराही तसाच. तुम्ही शंका काढली की 'ही तुमची मर्यादित मानसिकता बोलतेय' असं उत्तर मिळत असेल, तर तिथं प्रश्न विचारायला जागाच उरलेली नाही. शंका घेण्याचा तुमचा हक्क जो काढून घेतो, तो तुमची वाढ करू शकत नाही.

आणखी एक प्रकार बारकाईनं पाहा. काही ठिकाणी छोटं शिबिर, मग मोठं शिबिर, मग 'खास मंडळ' आणि शेवटी 'आता तुम्हीच कोच बना' असा कोर्स, अशी साखळी असते. प्रत्येक टप्प्यावर तुमचा मूळ प्रश्न मागे पडतो आणि पुढच्या टप्प्याची फी पुढे येते. तुमचा कागद काढून पाहा: त्यावर 'मला कोच व्हायचंय' असं लिहिलं होतं का?

वेबसाइटवरच्या अभिप्रायांवर फार विसंबू नका. ते निवडून लावलेले असतात, आणि बरेचसे शिबिराच्या शेवटच्या दिवशी, भारावलेल्या मनानं लिहिलेले असतात.

पायरी ७: करार आणि फी

माणूस आवडला तरी सगळं तोंडी ठेवू नका. एक-दोन पानांचा साधा लेखी करार पुरतो. सत्रं किती, किती वेळाची, किती अंतरानं. फी केव्हा द्यायची. सत्र रद्द करायचं तर किती आधी कळवायचं. मध्येच थांबलो तर उरलेल्या पैशांचं काय. दोन सत्रांच्या मध्ये मेसेज केलेला चालतो का, हे सगळं त्यात असावं. सत्राचं रेकॉर्डिंग किंवा आपोआप टिपणं घेणारं एखादं सॉफ्टवेअर वापरलं जाणार असेल, तर ते तुमच्या परवानगीनंच व्हावं आणि ती माहिती कुठं साठते, कधी पुसली जाते, हे विचारून घ्या.

गोपनीयतेच्या मर्यादाही लिहिलेल्या असाव्यात. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कायद्यानं माहिती देणं भागच असेल, तर कोच गप्प राहू शकत नाही, आणि हे तो आधीच स्पष्ट सांगतो.

फी कंपनी भरत असेल तर एक जादा काळजी घ्या. तुम्ही, कोच आणि कंपनी अशी तिघांची बैठक सुरुवातीलाच व्हावी आणि कंपनीला नेमकं काय कळणार हे तिथं ठरावं. सत्रं झाली की नाही आणि ठरलेलं उद्दिष्ट काय, एवढं कळायला हरकत नाही. सत्रात काय बोललात, ते कळता कामा नये. हे लेखी मिळालं नाही तर साहेबाबद्दलची खरी अडचण तुम्ही तिथं कधीच बोलणार नाही, आणि मग कोचिंग वरवरचंच राहील.

फीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जास्त फी म्हणजे चांगला कोच, हे समीकरण खरं नाही. वर्षभराचं पॅकेज सुरुवातीलाच घेऊ नका. तीन-चार सत्रांपासून सुरुवात करा, मग पुढचं ठरवा. हात आखडता असेल तर मान्यतेच्या वाटेवर असलेले नवे कोच हा उत्तम पर्याय आहे. एसीसीसाठीचे ते १०० तास त्यांना कुठूनतरी पूर्ण करायचे असतात, म्हणून ते कमी फीत, कधी काही सत्रं विनामूल्यही घेतात. ताजं शिकलेले असतात आणि त्यांच्या कामावर ज्येष्ठांची नजर असते. अनुभव कमी असतो हे खरं, पण प्रश्न फार गुंतागुंतीचा नसेल तर त्यांची तयारी तुम्हाला पुरेशी ठरते.

पायरी ८: पहिली तीन-चार सत्रं

निवड करार झाल्यावर संपत नाही. पहिली काही सत्रं दोघांसाठीही पारखण्याचीच असतात.

अनेक कोच 'ग्रो' नावाची चौकट वापरतात. उद्दिष्ट काय, वास्तव काय, पर्याय कोणते आणि आता मी काय करणार, असे तिचे चार टप्पे आहेत. चौकट हीच असेल असं नाही, पण प्रत्येक सत्रातून बाहेर पडताना काहीतरी ठरलेलं असावं आणि ते तुम्ही स्वतः ठरवलेलं असावं. पुढच्या सत्रात त्याची चौकशी व्हावी, पण त्या चौकशीत शाळेतल्या शिक्षेचा सूर नसावा. ठरवलेलं झालं नाही तर 'का केलं नाही?' असं दरडावण्यापेक्षा 'नेमकं कुठं अडलं?' असं विचारणारा कोच कामाचा.

तुमच्या बाजूनंही काम आहे. सत्राला येताना आज काय घ्यायचंय ते एका ओळीत ठरवून या. ऑनलाइन सत्र असेल तर दार बंद करता येईल अशी खोली बघा, कारण बाहेर कुणीतरी ऐकतंय या विचारानं माणूस अर्धंच बोलतो. दोन सत्रांच्या मधल्या दिवसांत जे करता, खरा बदल तिथंच होतो.

चौथ्या सत्राच्या आसपास एकदा थांबून उघड आढावा घ्या. कोचनं स्वतःहून काढला तर उत्तम, नाहीतर तुम्ही काढा. 'मला हे उपयोगी पडतंय, हे पडत नाही, आणि अमुक गोष्टीबद्दल आपण अजून बोललोच नाही.' हे बोलायला जड जातं, विशेषतः समोरची व्यक्ती वयानं किंवा मानानं मोठी असेल तर. तरी बोला. तुमचं बोलणं ऐकून कोच आपली पद्धत बदलतो, बचाव करतो, की तुमच्यातच दोष काढतो, यावरून पुढं जायचं की नाही ते जवळपास ठरतं.

सत्र अस्वस्थ करणारं असू शकतं, त्याला घाबरू नका. स्वतःबद्दलचं एखादं सत्य दिसल्यानं आलेली अस्वस्थता दोन दिवसांत काहीतरी करायला लावते. लहान झाल्यासारखं, कमीपणा आल्यासारखं वाटत असेल आणि प्रत्येक सत्राआधी पोटात गोळा येत असेल, तर ते वेगळं आहे. तिथं थांबा.

पायरी ९: थांबायचं कधी?

ठरलेलं उद्दिष्ट गाठलं, तर थांबा. सलग तीन सत्रं फक्त आठवड्याभराच्या गप्पांत गेली, तरीही थांबा, किंवा नवं उद्दिष्ट ठरवा. प्रत्येक छोटा निर्णय 'आधी कोचला विचारून घेतो' म्हणून अडू लागला, तर ती सर्वांत गंभीर खूण. कोचिंगमुळे तुमची निर्णय घेण्याची ताकद वाढायला हवी होती आणि इथं ती दुसऱ्याच्या हाती चालली आहे. जबाबदार कोच ही गोष्ट तुमच्याआधी ओळखतो आणि सत्रांमधलं अंतर वाढवायला सुचवतो, मग त्यात त्याचं उत्पन्न कमी झालं तरी.

जमत नसेल तर मेसेजला उत्तर देणं बंद करून गायब होऊ नका. 'मला वाटतं, आपण इथं थांबावं' एवढं पुरतं, लांबलचक कारणं द्यावी लागत नाहीत. गोपनीयता मोडली गेली, गैरवर्तन झालं किंवा पैशांबाबत फसवणूक झाली, तर कोच ज्या संस्थेचा मान्यताप्राप्त सदस्य आहे तिच्याकडे लेखी तक्रार करता येते. आयसीएफसारख्या संस्थांकडे आचारसंहितेच्या भंगाची चौकशी करण्याची ठरलेली पद्धत आहे. त्यासाठी करार, पावत्या आणि मेसेज जपून ठेवलेले असावेत.

सगळं चांगलं झालं असेल तर एक समारोपाचं सत्र जरूर मागून घ्या. त्यात सुरुवातीचा तो कागद समोर ठेवा आणि चार प्रश्नांची उत्तरं पुन्हा लिहा. पुढच्या वेळी असाच पेच आला तर मी स्वतःला कोणते प्रश्न विचारीन, याची यादी कोचच्या मदतीनं तयार करा. तीन महिन्यांनी एकच भेट घेऊन बदल टिकलाय का ते पाहायचं, अशी तारीखही तिथंच ठरवून टाका.